षड्ज सांभाळणारं यंत्र

कॅसेटमधली फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. म्हणजे सरकायला हवी. ती जरा भरभर सरकली की गाणं चढं वाजतं, रेंगाळली की उतरतं. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला याचं फारसं काही वाटत नाही. पण ज्याच्या घरात पेटी आहे आणि काळी एक आणि पांढरी दोन यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याचं सगळं सुख या आकड्यावर अवलंबून असतं. वेग सहा टक्क्यांनी वाढला तर काळी एकचा षड्ज थेट पांढरी दोनवर जाऊन बसतो. नुसता षड्जच सरकतो असंही नाही. लय वाढते, ताना नको तितक्या चपळ होतात, आणि साठीतले बुवा चाळिशीतले वाटू लागतात. सेल उतरले की याच्या उलट. मध्य लयीतली बंदिश विलंबिताकडे झुकते आणि आवाजाला जडपणा येतो.

ऐंशीच्या दशकात ज्याला त्याला वॉकमन हवा होता. मलाही हवा होता, पण तो कॉलेजातल्या मुलांच्या कमरेला दिसायचा तो नव्हे. मला हवा होता तो 'वॉकमन प्रोफेशनल', मॉडेल डब्ल्यूएम-डी६सी. काळा, चौकोनी, चार पेन्सिल सेल खाणारा, वॉकमन म्हणवून घ्यायला जरा जडच. पुण्यातल्या घरगुती मैफलींत तो पहिल्यांदा पाहिला. बैठकीच्या पुढच्या कडेला, तानपुऱ्यापासून हातभर अंतरावर, एका रुमालावर ठेवलेला असायचा. त्याच्या मालकाचं गाण्याकडे निम्मंच लक्ष असायचं. उरलेलं निम्मं पातळी दाखवणाऱ्या बारीक लाल दिव्यांकडे. दिवे सगळे पेटले की आवाज फाटणार म्हणून त्याचा अंगठा चाकावर तयार. आम्ही मागे बसून ते यंत्र बघायचो आणि मैफल संपली की मालकाच्या मागे लागायचो, "काका, एक कॉपी?"

सोनीनं हा प्रकार १९८२ साली डी६ या नावानं काढला आणि दोन वर्षांनी त्यात सुधारणा करून डी६सी आणला. त्यात मोटरचा वेग क्वार्ट्झच्या स्फटिकाशी बांधलेला होता. मनगटी घड्याळाला जो स्फटिक वेळ चुकू देत नाही, त्याच जातीचा स्फटिक इथे फितीला चुकू देत नाही. शिवाय वाजवताना वेग हातानं किंचित कमीजास्त करायची कळ. आमच्या दृष्टीनं बाकी सगळं दुय्यम होतं. ऑटो-रिव्हर्स नव्हता, रेडिओ नव्हता, आणि खिशात तर तो मावतच नसे.

वॉकमनच्या जन्माची गोष्ट बहुतेकांना अर्धीच माहीत असते. सोनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात अभिजात संगीत ऐकायचं होतं. कंपनीचा फिरता टेपरेकॉर्डर त्यांना जड व्हायचा, म्हणून त्यांनी आपल्याच माणसांना काहीतरी हलकं करून द्यायला सांगितलं. पत्रकारांसाठी 'प्रेसमन' नावाचं छोटं यंत्र होतं. त्यातली ध्वनिमुद्रणाची सोय काढून स्टिरिओ ऐकायची सोय घातली गेली. १ जुलै १९७९ रोजी ते ३३,००० येनला बाजारात आलं. पहिल्या खेपेत ३०,००० यंत्रं केली होती. पहिल्या महिन्यात त्यातली जेमतेम ३,००० खपली, आणि ऑगस्ट संपेपर्यंत एकही उरलं नाही. पुढे जगभरच्या पोरांनी त्यावर पॉप ऐकलं, पण मूळ गिऱ्हाईक एक सत्तरीचा अभिजात संगीतवेडा म्हातारा होता, याचं मला नेहमी समाधान वाटतं.

त्या पहिल्या मॉडेलला हेडफोन लावायच्या जागा दोन होत्या, आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की संगीत दबून माइकमधून बोलणं ऐकू यायचं. एकट्यानं ऐकणं हे उद्धटपणाचं दिसेल अशी दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांना काळजी होती. लोकांना तसं काही वाटलं नाही, म्हणून पुढच्या मॉडेलांतून ही सोय गेली. ती टिकायला हवी होती असं माझं मत आहे. शास्त्रीय गाणं एकट्यानं ऐकण्यात एक अडचण असते: दाद द्यायची कुणाला? लोकलमध्ये कानात हेडफोन घालून बसलेला माणूस समेवर मान टाकून "वाहवा" म्हणाला की समोरचा पिशवी जवळ ओढून घेतो.

कॅसेटनं ख्यालगायकीवर केलेल्या उपकाराबद्दल मात्र फारसं लिहिलं गेलेलं नाही. लिहिलं गेलं ते पायरसीबद्दल, गुलशन कुमारांच्या टी-सीरिजबद्दल, स्वस्त भजनांच्या लाटेबद्दल. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाचं 'कॅसेट कल्चर' हे १९९३ सालचं पुस्तक मुख्यतः त्याविषयीच आहे. पण हिशेब करून बघा. ७८च्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी जे बसवलं तो चमत्कारच होता, पण ते रागाचं अत्तर होतं. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. आणि नव्वदच्या कॅसेटला एका बाजूला पंचेचाळीस. फितीची लांबी सुमारे १२८ मीटर. विलंबित, मग द्रुत, मधे पाणी प्यायला थांबणं, पेटीवाल्याला हसून काहीतरी म्हणणं, सगळं मावतं. घरी बसून सबंध राग ऐकायची सोय सामान्य माणसाला पहिल्यांदा या पंचेचाळीस मिनिटांनी दिली. एकशेवीसच्या कॅसेटही मिळायच्या, पण त्यांची फीत पातळ. ताणली जायची, रोलरला गुंडाळायची. जाणकार त्यांच्या वाटेला जात नसत.

पंचेचाळीस मिनिटांनंतर बाजू उलटावी लागे, आणि गवई काही घड्याळ लावून गात नसे. त्यामुळे त्या काळच्या खासगी ध्वनिमुद्रणांत एक ठरलेली फट असते. बुवा तार षड्जाकडे निघालेत, सगळी बैठक श्वास रोखून बसलीय, आणि खट्. पुढच्या बाजूला ऐकू येतात त्या टाळ्याच. मुरलेला मुद्रक चाळिसाव्या मिनिटापासूनच सावध व्हायचा. तबलजीला लग्गीची मोकळीक मिळाली की तेवढ्यात उलटून घ्यायचा. पुण्यातल्या एका संग्राहकानं मला सांगितलं, की त्याचे वडील मैफलीच्या आधी घरी तीन सेकंदांत कॅसेट उलटायचा सराव करत.

या संग्राहकाकडूनच मी यंत्र घेतलं. वडील गेले, मुलगा सगळ्या कॅसेटी संगणकावर उतरवून मोकळा झाला, आणि कपाट रिकामं करायला निघाला. किंमत ऐकून घरच्यांनी मला समजावलं, की तेवढ्यात बऱ्यापैकी मोबाइल येतो. मोबाइल माझ्याकडे होता. तरुणपणी मात्र हे यंत्र घेणं आवाक्याबाहेरचं होतं. आखातातून कुणी येणार असेल तर त्याला सांगायचं, नाहीतर मुंबईत मनीष मार्केट किंवा हीरा पन्नाच्या फेऱ्या मारायच्या. तिथे साधे वॉकमन आणि त्यांच्या नकला खच्चून भरलेल्या. प्रोफेशनलचं नाव काढलं की दुकानदार आधी आपल्याकडे नीट बघून घ्यायचा आणि मग जो आकडा सांगायचा तो माझ्या काही पगारांच्या बेरजेचा असायचा. शेवटी एक स्वस्त प्लेअर घेऊन भागवलं. त्याचा वेग घडीघडी बदलायचा आणि मी पेटीवर सूर लावून त्याच्याशी भांडत बसायचो.

आता हातात आलेलं यंत्र चालूच नव्हतं. मुलानं ते आधीच सांगितलं होतं, म्हणून तक्रार नाही. इतकी वर्षं पडून राहिलेल्या यंत्रातला रबराचा पट्टा हमखास गेलेला असतो. तुटलेला असेल तर नशीब; वितळून चिकट झाला असेल तर पुल्यांवरून खरवडून काढावा लागतो. ग्रीस घट्ट होतं, कपॅसिटर गळू लागतात. मी ते घेऊन मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो. डॉक्टर भडकमकर मार्ग ही पाटी लागून जमाना झाला, तरी टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टनच सांगावं लागतं. तिथे आता सगळीकडे सीसीटीव्ही आणि लॅपटॉपचे चार्जर. टेप दुरुस्त करणारा माणूस शोधायला तीन जणांना विचारावं लागलं. तिसऱ्यानं एका जिन्याकडे बोट दाखवलं.

पोटमाळ्यावर एक गृहस्थ भिंग लावून बसले होते. त्यांनी यंत्र हातात घेतलं, झाकण उघडलं, बोटानं फिरकी फिरवून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, हे ठेवून जा. घाई करू नका. घाई असेल तर आत्ताच घेऊन जा."

घाई नव्हती. पण काम चाललेलं बघायचं होतं, म्हणून त्यांच्या परवानगीनं मी तिथेच बसलो आणि मग पुन्हाही गेलो. पट्टा बदलणं हे सगळ्यांत सोपं. कॅपस्टन म्हणजे फितीला ओढणारी पोलादी काडी, आणि तिला दाबून धरणारा रबरी पिंच रोलर. या दोघांवर वर्षानुवर्षांची तांबूस पूड बसलेली असते, फितीवरून झडलेली. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं ती निघते. काडी तपकिरी यायची थांबली की रोलर स्वच्छ झाला म्हणायचं. त्यांनी सात-आठ काड्या टाकल्या. मग डाग देऊन जुने कपॅसिटर काढले, नवे बसवले. मग एक चाचणीची कॅसेट लावली. तिच्यावर ३,१५० हर्ट्झचा एकच अखंड सूर असतो. तारा मोजणीच्या यंत्राला जोडल्या. आकडा आला ३,१९२. पेचकसाचं टोक एका छिद्रात घालून त्यांनी केसभर फिरवलं. ३,१६०. आणखी केसभर. ३,१५१. मग स्वतःशीच म्हणाले, "सेल गरम होऊ दे," आणि चहा मागवला. चहा होईपर्यंत तो आकडा तिथेच होता.

खरी गंमत त्याच्या पुढची. फीत वाचणारं हेड फितीला काटकोनात असावं लागतं. ज्या यंत्रावर ध्वनिमुद्रण झालं त्याचं हेड जरा तिरकं असेल तर वाजवणाऱ्यालाही तितकंच तिरकं व्हावं लागतं, नाहीतर वरचे सूर मरतात. हेडशेजारी एक इवलासा स्क्रू असतो. त्यांनी माझ्याकडची मैफलीची कॅसेट लावली, हेडफोन माझ्या कानाला दिला आणि म्हणाले, "मी फिरवतो, तुम्ही सांगा." सुरुवातीला तानपुरा म्हणजे मागे कुठेतरी चाललेली घरघर होती. स्क्रू फिरत गेला तशी घरघर सुटी होऊ लागली. पंचम वेगळा, जोड वेगळी, खर्ज वेगळा. आणि एका ठिकाणी जवारी उघडली. खर्जाच्या तारेतून वर गंधार दिसायला लागला. तो कुणी वाजवत नाही, तारेच्या पाचव्या स्वरांशातून तो आपसूक येतो, म्हणून स्वयंभू. मी हात वर केला. त्यांनी स्क्रू थोडा पुढे नेला, गंधार बुजला. मागे आणला, पुन्हा आला. "इथेच ना?" म्हणाले. "आमचे वडील पेटी वाजवायचे. मला वाजवता येत नाही, पण हे कळतं." मजुरी त्यांनी अगदीच थोडी सांगितली. मी जरा जास्त देऊ केली तर ती घेतली, आणि वरचा एक पट्टा फुकट दिला.

फितीच्या आवाजाला ऊब असते, डिजिटल कोरडं, असं म्हणणाऱ्यांची एक जमात हल्ली वाढली आहे. माझा त्यांच्याशी वाद आहे. फितीला खरखर असते, ऊब वगैरे काही नाही. नव्वद टक्के वेळा त्या ध्वनिमुद्रणाची चांगली डिजिटल प्रत जास्त स्वच्छ ऐकू येईल. हलक्या दर्जाच्या एमपी३मध्ये मात्र तानपुऱ्याची माती होते. मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज कानाला कळणारच नाहीत असं धरून ते वगळायचे, ही त्या तंत्राची युक्ती, आणि तानपुरा हा तर बारीक आवाजांचाच खेळ. पण तो दोष काटकसरीचा. भरपूर जागा दिली तर तक्रारीला कारण उरत नाही.

मग या यंत्राचं सुख कशात? एक तर त्यात पुढे सरकवायचा आळस आहे. फीत पुढे न्यायची तर बटण दाबून अंदाजानं थांबायचं, चुकलं तर मागे. इतका खटाटोप करण्यापेक्षा माणूस आलाप ऐकून घेतो. मोबाइलवर मी तोच राग वीस-वीस सेकंदांनी उड्या मारत बंदिशीपर्यंत नेतो, हे माझ्या ध्यानात आलं आहे. दुसरं म्हणजे कॅसेटीच्या बारीकसारीक खोड्या. गुंडाळून वर्षानुवर्षं पडलेल्या फितीचा एक थर शेजारच्या थरावर उमटतो. त्यामुळे बुवा सूर लावायच्या सेकंदभर आधी तोच सूर अगदी पुसट ऐकू येतो. हा दोषच, पण पहिल्या षड्जाआधी तो ऐकताना अंगावर काटा येतो. आणि कॅसेटीच्या पाठीवरचे ते दोन चौकोनी कान! तोडले की कुणी वरून भरू शकत नाही. आमच्या घरच्या एका कॅसेटीचे तोडलेले कान कुणीतरी सेलोटेपनं बुजवले होते. पुरिया धनाश्रीत मंद्र निषाद लागतो न लागतो तोच एका भाच्याचा वाढदिवस सुरू होतो. भाचा आता टोरांटोत आहे, त्याला ती पाठवली. पुरिया धनाश्रीबद्दल त्यानं काही विचारलं नाही.

पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत राहिलेल्या कॅसेटींच्या कडांना पांढरी बुरशी चढते. अशी कॅसेट तशीच लावली तर ती हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटींनाही. आधी साफ करायची, एकदा संपूर्ण पुढेमागे फिरवायची, मगच ऐकायची. हे ज्यांच्या घरी खोकी पडून आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो. आमच्याकडे ही खोकी आता फेकली जातात, पण अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं लोकसंगीत-शास्त्रीय संगीताचं ध्वनिसंग्रहालय १९८२ साली पुण्यातच सुरू झालं होतं. पुढे ते दिल्लीकडे गेलं, आता गुरुग्रामला आहे. अशा ठिकाणी खासगी संग्रह जपले जातात. मुंबईतलं काळा घोड्याचं रिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६ साली बंद झालं तेव्हा शहरभर हळहळ झाली. माळ्यावरच्या खोक्यांबद्दल तितकी होत नाही.

यंत्र हाती आल्यापासून मी ज्या एका कॅसेटीशी झुंजतो आहे तिच्याबद्दल सांगतो. ऐंशीच्या दशकातली सांगलीकडची घरगुती मैफल, राग जौनपुरी. कुणाच्या तरी साध्या टेपरेकॉर्डरवर मूळ मुद्रण, कुणाच्या तरी डेकवर तिची नक्कल, आणि त्या नकलेची नक्कल माझ्याकडे. प्रत्येक टप्प्यावर वेगाची थोडी चूक. बुवांचं नाव घेत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही. आता माझं यंत्र अचूक असल्यामुळे चूक यंत्राची असायचं कारण नव्हतं. कॅसेट वाजत होती काळी एकमध्ये, आणि कानाला काहीतरी खटकत होतं. दादरच्या एका गायिकेला ऐकवली. त्या म्हणाल्या, "खर्जात गेले की आवाज पातळ लागतोय. बुवांचा खर्ज असा नव्हता. खाली घ्या." किती खाली, ते त्यांनाही सांगता येईना.

अशा वेळी जाणकार विजेची गुणगुण शोधतात. मैफलीतल्या ध्वनिवर्धकामुळे मुद्रणात विजेचा बारीक हुंकार येतो, आणि वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. तो हुंकार संगणकावर मोजला की वेग कळतो. माझ्या कॅसेटीत तो ५१.२ आला. म्हणजे कॅसेट साधारण अडीच टक्के चढी? युरोपात हे उत्तर चाललं असतं. आपल्याकडे त्या काळी संध्याकाळी मागणी वाढली की वीज ४८-४९ पर्यंत घसरत असे. २००० नंतर विजेच्या व्यवहाराचे नियम बदलले तेव्हा कुठे ती ५०च्या आसपास टिकू लागली. मैफलीच्या रात्री वीज साडेअठ्ठेचाळीसवर असेल तर कॅसेट साडेपाच टक्के चढी, म्हणजे जवळजवळ पांढरी एक. पाव स्वर की अर्धा, हे महावितरणच्या आजोबांनाच ठाऊक.

शेवटचा मार्ग माणसांचा. त्या मैफलीत पेटीची साथ केलेले गृहस्थ अजून आहेत, नव्वदीला आले आहेत, असं कळलं. फोन केला. नातवानं त्यांच्या कानाशी धरला. मी जोरात विचारलं, "अण्णा, त्या दिवशी बुवा कोणत्या पट्टीत गायले?"

"पांढरी एक," त्यांनी क्षणात सांगितलं.

मी सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, "मग साडेपाच टक्के."

"पण ऐका," ते म्हणाले, "पेटी माझी नव्हती. माझी दुरुस्तीला होती. यजमानांकडची घेतली होती, आणि ती चांगलीच चढी होती. बुवा वैतागले होते." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्यात माझी पेटी ऐकू येते का?"

खरं म्हणजे माइक बुवांपुढे होता आणि पेटी कोपऱ्यात. दुसऱ्या बाजूला, द्रुताच्या शेवटी, बुवा खोकतात तेवढ्यापुरती ती स्पष्ट येते. जौनपुरीचीच एक चार मात्रांची जागा आहे, फार सुरेख. तेवढा तुकडा मी वेगळा काढून त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर पाठवला. वेग आहे तसाच ठेवून.